योग प्रयोगशाळेत आला तेव्हा

१/ ताण हलका व्हावा म्हणून प्राणायाम शिकणाऱ्याला आजही हमखास सांगितले जाते की, त्याने शरीराला अधिक ऑक्सिजन मिळतो. हा दावा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका योगसाधकानेच तपासून पाहिला होता.

२/ ते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). बडोद्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी योगक्रियांचे परीक्षण आरंभिले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले.

३/ नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. त्या निर्वातास त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले.

४/ प्राणायामाचा निष्कर्ष मात्र रूढ समजुतीच्या विरुद्ध गेला. संथ, रोखलेल्या श्वासाने ऑक्सिजनचा एकूण पुरवठा वाढत नाही, असे त्यांना आढळले. त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि प्राणायामाचे मोल मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले.

५/ १९२७ मध्ये रक्तदाबाने आजारी पडलेल्या गांधीजींनी आसनांविषयी पत्रांतून त्यांचाच सल्ला घेतला.

६/ म्हणून योगवर्गात एखादा लाभ सांगितला गेला, तर ‘हे कोणी, कसे मोजले?’ असे अवश्य विचारावे. त्यात योगाचा अवमान नाही. लोणावळ्यात योगाभ्यासाची सुरुवात याच प्रश्नाने झाली होती.