भिंतीवरच्या शिंगांची कुळकथा

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एखाद्या जुन्या बंगल्याच्या दिवाणखान्यात सागवानी फळीवर बसविलेले, काचेच्या डोळ्यांचे सांबराचे मस्तक दृष्टीस पडले, की पाहुणा त्यास प्राचीन मृगयेचा वारसा समजतो. वस्तुतः ही चाल आपल्याकडे फार उशिरा आली, आणि तीही धनुष्याबरोबर नव्हे, तर बंदुकीबरोबर.

हाच रस्ता शहरात उतरून गोदावरी ओलांडली म्हणजे पंचवटी लागते, आणि धनुष्याने केलेल्या हरणाच्या शिकारीची आपली सर्वांत प्रसिद्ध कथा तेथलीच. वाल्मीकींच्या सीतेला तो सुवर्णमृग आधी जिवंत हवा होता, आणि तसा न सापडल्यास बसावयास त्याचे कातडे हवे होते. त्याच्या शिंगांची टोके रत्नांसारखी वर्णिलेली असूनही ती कुटीत टांगावी असे कोणाच्या मनात आले नाही. मृगाजिन हे तपस्व्याचे आसन होते, आणि मुंजीतल्या बटूच्या जानव्याला त्याचा तुकडा आजही बांधतात.

अरण्यातील खऱ्या धनुर्धराची, म्हणजे भिल्लाची, दृष्टीही निराळी नव्हती. त्याचा तीरकामठा बांबूचा, आणि प्रत्यंचासुद्धा बांबूच्याच चिवट, पातळ पट्टीची. बाणाचा पल्ला बेताचा असल्यामुळे वाऱ्याचा रोख सांभाळीत सावजाच्या अगदी निकट जावे लागे, आणि पारध साधली तर मांस खाण्याच्या उपयोगी पडे. पेशव्यांचा शौक म्हणाल, तर सवाई माधवरावांनी पर्वतीच्या पायथ्याशी जो शिकारखाना राखला, त्यात हरणे होती ती जिवंत.

शिंगांना इंचांचे मोल आले ते इंग्रजी अमलात. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी 1892 साली शिकारीतील जनावरांच्या मापांचे बुक छापले, आणि शिंगाच्या बाकावरून फीत फिरवून साहेबलोक आपापला पराक्रम मोजू लागले. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात संस्थानिकांची सावजे पेंढा भरण्यासाठी जाऊ लागली.

अमेरिकेत मात्र धनुष्य आणि फीत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा अखेरचा ज्ञात पुरुष इशी 1911 साली कॅलिफोर्नियात प्रकट झाला; पोटासाठी हरणे मारणाऱ्या या माणसापासून डॉ. सॅक्स्टन पोप यांनी धनुर्विद्या घेतली, आणि पोप व त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या नावाने 1961 साली स्थापन झालेल्या क्लबाने पुढे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या नेहमीच्या घडणीच्या शिंगांच्या एकूण मापासाठी 125 इंचांची किमान मर्यादा ठरविली. विद्या वनवासीयांची, फूटपट्टी नागरांची, असा हा संसार आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या हौसेस लगाम घातला, आणि 1991 च्या दुरुस्तीने शौकाच्या शिकारीची वाट बंद केली. जुनी मस्तके बाळगण्यास मालकीचा सरकारी दाखला लागतो. ती वारसाने येतात, परंतु विकता येत नाहीत, की कोणास नजरही करता येत नाहीत. सबब ज्यांच्या दिवाणखान्यात आजोबांच्या वेळची शिंगे असतील, त्यांनी पाहुण्यांस पराक्रमाची कहाणी ऐकविण्यापूर्वी कपाटातील तो दाखला शोधून ठेवावा, हे उत्तम.