निजामाचे ट्रस्ट आणि सालारजंगांचा पसारा

२ मार्च १९४९ रोजी हैदराबादेत निजामाच्या दिवाणांच्या घराण्यातले नवाब मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, वारले. त्यांनी लग्न केले नव्हते, मूलबाळ नव्हते आणि मृत्युपत्रही नव्हते. मागे राहिली जुन्या शहरातली दिवाण देवडी आणि तिच्या दालनांत खच्चून भरलेल्या वस्तू: जेडचे खंजीर, फारसी-अरबी हस्तलिखिते, विलायती घड्याळे, चिनी भांडी, आजोबांनी १८७६ मध्ये रोममध्ये घेतलेली ‘व्हेल्ड रिबेका’ ही संगमरवरी मूर्ती. सगळ्यावर हक्क सांगणारे नातेवाईक पुष्कळ होते. असा संग्रह सहसा वाटण्यांत फुटतो आणि उरलेला लिलावात जातो.

हैदराबादेत तसे झाले नाही. हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईला जेमतेम सहा महिने झाले होते आणि राज्याचा कारभार मुख्य मुलकी प्रशासक वेल्लोडी यांच्या हाती येणार होता. संग्रहाचे संग्रहालय करावे ही त्यांची कल्पना. मांडणीसाठी कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांना बोलावले गेले आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते देवडीतच संग्रहालय उघडले. वारसांचे दावे त्यानंतरही चालूच होते. त्यांच्याशी तडजोड झाली ती १९५८ मध्ये. १९६१ च्या कायद्याने संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली आणि १९६८ मध्ये ते मुसीकाठच्या आजच्या इमारतीत गेले. म्हणजे मालकीचा वाद मिटण्याच्या सात वर्षे आधीपासून लोक तिकीट काढून वस्तू पाहत होते. हा क्रम मोलाचा ठरला.

त्याच शहरात, त्याच काळात, किंग कोठीत राहणारा माणूस अगदी उलट वाटेने चालला होता. मीर उस्मान अली खान, सातवा निजाम. मराठवाड्याचे पाच जिल्हे ज्याच्या राज्यात होते, तोच. राज्य गेले होते, पण जामदारखाना शाबूत होता: गोवळकोंड्याचे हिरे, कोलंबियाचे पाचू, बसरा मोत्यांचा सातपदरी हार, शिरपेच, बाजूबंद, कमरपट्टे. शिवाय १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा. हा हिरा वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला आणि निजाम तो कागदांवर वजन म्हणून ठेवत असे, असे सांगतात.

निजामाने मालमत्तेची तजवीज बारकाईने केली. मुसलमान कायद्यानुसार मृत्युपत्राने वारसांच्या संमतीशिवाय फार तर एक तृतीयांश मालमत्ता देता येते. बाकीची ठरलेल्या हिश्श्यांनी वारसांत वाटली जाते. कुटुंबाचा व्याप मोठा असेल तेव्हा एकेका हाराचे पदर सुटायला वेळ लागत नाही. त्यामुळे हयातीतच मालमत्ता ट्रस्टमध्ये घालणे हा त्याच्यापुढचा राजमार्ग होता. १९५० मध्ये कुटुंबासाठी ९ कोटींच्या सरकारी रोख्यांचा ट्रस्ट झाला. त्याचे १७५ भाग पाडून नात्यातल्या माणसांना नेमून दिले गेले. दागिन्यांसाठी १९५१ आणि १९५२ मध्ये दोन स्वतंत्र ट्रस्ट झाले. अट अशी की निजाम आणि त्याचा थोरला मुलगा आझम जाह हे दोघेही जाईपर्यंत दागिने विकायचे नाहीत. ते मुंबईतल्या एका बँकेच्या तिजोऱ्यांत गेले.

करांचे दिवसही जवळ येत होते. १९५३ मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, इस्टेट ड्युटीचा कायदा झाला. मृताच्या मालमत्तेवरचा हा कर पुढे २० लाखांवरच्या टप्प्यासाठी ८५ टक्क्यांपर्यंत चढला. १९५७ मध्ये दरवर्षी भरायचा संपत्ती कर आला. संस्थानिकांच्या वंशपरंपरागत म्हणून मान्य झालेल्या जवाहिराला त्यातून सूट होती, पण ट्रस्टच्या मालमत्तेवर कर कसा आकारायचा हा प्रश्न शिल्लक राहिला. निजामाच्या कुटुंबाच्या ट्रस्टचे असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच्या १९७७ च्या निकालाचा दाखला करतज्ज्ञ आजही ट्रस्टच्या खटल्यांत देतात.

निजाम १९६७ मध्ये गेला, आझम जाह १९७० मध्ये. विक्रीची अट सुटली, पण तोवर देशाचा कायदा बदलत होता. १९७२ च्या कायद्याने प्राचीन वस्तू आणि कलानिधी देशाबाहेर न्यायला बंदी घातली. त्यामुळे परदेशी लिलावातला भाव विश्वस्तांच्या हिशोबात असला तरी हाती येण्यासारखा राहिला नाही. सरकारने खरेदीत रस दाखवला आणि किमतीवरून वर्षानुवर्षे कोर्टकज्जे झाले. अखेर १९९५ मध्ये १७३ नग सरकारने सुमारे २१८ कोटींना घेतले. पैसे आले तरी भांडण संपले नाही. काही रक्कम करखात्याच्या मागणीपायी अडकली आणि बाकीच्या वाटपात अनेक वारस उभे राहिले.

ट्रस्टने संग्रह फुटू दिला नाही, याचे श्रेय निजामाला द्यायलाच हवे. पण दागिने कोणी पाहायचे, कुठे पाहायचे याची तरतूद त्या कागदांत नव्हती. हीच उणीव सर्वांत महाग पडली, करापेक्षाही. हैदराबादकरांच्या दोन पिढ्या ते जवाहीर न पाहताच गेल्या.

तिसरी वाट पुण्याची. तिथल्या दिनकर केळकरांपाशी ना राज्य होते ना वकिलांची फौज. त्यांनी वाड्यावाड्यांतून जमवलेले दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये असा सारा संग्रह हयातीतच महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला आणि अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयाला दिले. ज्याने वस्तू गोळा केल्या तोच त्यांची ओळख सांगायला हजर होता. ही सोय कोणत्याही दस्तऐवजातून मिळत नाही, म्हणून तिन्हींत हीच वाट सर्वांत शहाणपणाची.

निजामाच्या काळातले ते करही आता राहिले नाहीत. इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये उठली. वसुलीचा खर्च आणि कटकट पाहता तिचे उत्पन्न फार थोडे, असे तेव्हाच्या अर्थमंत्र्यांचे, विश्वनाथ प्रताप सिंहांचे, म्हणणे होते. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. आज वारशाने आलेल्या चित्रावर किंवा दागिन्यावर तो हाती येताना कर नाही. विकताना मात्र भांडवली नफा मोजला जातो आणि त्यासाठी सहसा आधीच्या मालकाने मोजलेली किंमत लागते. म्हणून आजोबांच्या खरेदीच्या पावत्या वस्तूंइतक्याच जपाव्या लागतात.

निजामाचे दागिने २००१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रथम मांडले गेले. पुढे ते हैदराबादेत आले, तेही सालारजंग संग्रहालयातच. २०१९ मध्ये दिल्लीत पुन्हा प्रदर्शन झाले. एरवी ते रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात असतात आणि हैदराबादेत त्यांच्यासाठी कायमचे दालन हवे, ही मागणी तेलंगणातून वारंवार होते.