मूळचं काय राहिलं?

सातपाटीत एका तांडेलकाकांच्या बोटीचं जुनं इंजिन खोललं होतं. लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं नवं आलेलं. "मग मूळचं काय राहिलं?" मी विचारलं.

"ब्लॉक आणि क्रँक," मिस्त्री म्हणाले. "क्रँक घासून जाड बेअरिंग घालू. ब्लॉकला तडा नाही, तोवर इंजिन तेच."

1897 साली रुडॉल्फ डिझेलचं इंजिन जर्मनीत यशस्वी झालं. 1913 साली हे गृहस्थ बोटीवरूनच समुद्रात नाहीसे झाले! इंजिन मात्र स्वातंत्र्यानंतर सातपाटीच्या शिडाच्या होड्यांत येऊन बसलं.

मुलगा म्हणत होता, नवंच घेऊ. काका म्हणाले, "याचा आवाज ऐकून तुझी आय तवा ठेवायची."

मी गप्प. माझे दात नवे, डोळ्यांतली भिंगं नवी. तरी जिन्यात पावलं वाजली, की आमच्याकडे अजून चहाचं आधण चढतं.