नाकावरच्या मास्कचा इतिहास

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काही माणसांत ते इतके सैलावतात की जीभ आणि मऊ टाळू मागे पडून श्वासाची वाट मिटते. छाती आणि पोट हलत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू झोपेतून अर्धवट वर येतो, मोठा घुरका घेऊन श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपी जातो. या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वासातला खंड किमान १० सेकंदांचा असेल तर तो मोजला जातो. तासाला सरासरी असे ५ खंड झाले तर विकाराची सुरुवात समजतात आणि ३० च्या पुढे तो गंभीर ठरतो. गंभीर रुग्णाची झोप दर दोन मिनिटांनी मोडते, तरी सकाळी त्याला त्यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपलेल्या माणसाला. म्हणूनच घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे, हा समज इतका टिकला. मराठी घरांतही घोरणाऱ्याला कुंभकर्ण ठरवून हसण्यावारी नेतात. ज्याला सगळे झोपाळू म्हणतात त्याला रात्रभर धड झोपच मिळालेली नसते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

डॉक्टरांच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. लिव्हरपूलचे रिचर्ड केटन यांनी १८८९ मध्ये कोंबड्या-बदके विकणाऱ्या एका लठ्ठ दुकानदाराची हकिगत नोंदवली. तो दुकानात उभ्याउभ्याच झोपे. जाग आली की गिऱ्हाईक निघून गेलेले असे आणि विकायला काढलेले बदक हातात तसेच असे. झोपेत त्याचा श्वास अडकतो, हेही केटन यांनी पाहिले होते. पण लोकांच्या लक्षात राहिला तो लठ्ठपणा. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या १८३६-३७ च्या कादंबरीत जो नावाचा असाच एक झोपाळू, लठ्ठ पोरगा आहे. १९५६ मध्ये बोस्टनच्या बरवेल आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या आजाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ हे नाव दिले. त्यांचा रुग्ण पत्ते खेळताना हातात उत्तम पाने असूनही झोपी गेला होता आणि त्यानंतर तो रुग्णालयात आला. मात्र दिवसाच्या झोपेचे कारण रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड आहे, असे बरवेल यांना वाटले. रुग्णाला तपासले दिवसा, आणि आजार होता रात्रीचा.

रात्री तपासण्याची सुरुवात १९६५ मध्ये झाली. फ्रान्सच्या मार्सेय शहरात गास्तो आणि सहकाऱ्यांनी, तसेच जर्मनीच्या फ्रायबुर्गमध्ये युंग आणि कूलो यांनी झोपलेल्या रुग्णांचा श्वास आणि मेंदूचे तरंग एकाच वेळी नोंदवले. श्वास पुन्हापुन्हा थांबतो, ही गोष्ट तेव्हा कागदावर उमटली. उपाय सापडला तो जबर होता. १९६९ मध्ये कूलो यांनी गळ्याला छिद्र पाडून थेट श्वासनलिकेत नळी बसवली. अडथळा घशात आणि छिद्र त्याच्या खाली, त्यामुळे गुण खात्रीने येई. पण दिवसा बूच लावायचे, रात्री काढायचे, अंघोळीला जपायचे, पोहणे कायमचे सोडायचे, अशी ती किंमत होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्तियाँ गियमिनो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की हा विकार केवळ लठ्ठ माणसांचा नाही. ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव त्यांच्याच गटाच्या लेखनातून रूढ झाले. निदान झाले तरी बहुतेकांना गळ्याला छिद्र नको असे, यात नवल नाही.

असाच एक बांधकाम कामगार जून १९८० मध्ये सिडनी विद्यापीठातील कॉलिन सलिव्हन यांच्याकडे होता. त्याला गळ्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता आणि ती त्याला टाळायची होती. सलिव्हन त्याआधी टोरंटोत झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासावर संशोधन करून आले होते. नाकावाटे थोड्या दाबाची हवा सतत सोडली तर मिटणारी वाट आतून उघडी राहील, असा त्यांचा अंदाज होता. नवजात बाळांच्या फुप्फुसांसाठी सतत दाबाची हवा १९७१ पासून वापरात होती, पण तिथे प्रश्न फुप्फुसाचा होता, घशाचा नव्हता. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली आणि हवा ओढण्याऐवजी फेकणारा तिचा झोत नळीवाटे नाकाकडे वळवला. दाब हळूहळू वाढवताच श्वासाचे खंड थांबले. दाब कमी केला की ते परत सुरू होत, वाढवला की पुन्हा थांबत. रुग्ण त्या रात्री जो झोपला तो सकाळपर्यंत, आणि उठल्यावर दिवसभर ताजातवाना राहिला. पाच रुग्णांवरचा हा अनुभव एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ही पद्धत पुढे सीपॅप म्हणून ओळखली जाऊ लागली.

यात लागणारा दाब अगदी थोडा असतो. पाण्याच्या भांड्यात १० सेंटिमीटर खोल नळी बुडवून बुडबुडे काढायला जेवढी फुंकर लागते, तेवढ्यावर अनेकांचे काम भागते. हवेची बाजू अशी जवळजवळ एका रात्रीत सुटली. अडले ते नाकापाशी. सुरुवातीचे मास्क रुग्णाच्या नाकाचा प्लॅस्टरमध्ये साचा घेऊन फायबरग्लासचे घडवत. रोज रात्री ते सिलिकॉनच्या चिकट द्रव्याने चेहऱ्याला डकवायचे आणि सकाळी सोलून काढायचे. मोटर इतका आवाज करी की ती दूर ठेवावी लागे. तरीही काही वर्षांतच शंभरावर रुग्ण हा खटाटोप घरी करू लागले होते. न झोपलेल्या रात्री किती जड असतात, याचा यापेक्षा बोलका पुरावा नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये तयार यंत्र बाजारात आले. पुढे मऊ सिलिकॉनच्या कडांचे आणि पट्ट्यांचे मास्क, हवा कोमट-दमट करणारी पाण्याची डबी, श्वास सोडताना दाब उतरवणारी आणि गरजेप्रमाणे आपोआप दाब बदलणारी यंत्रे आली. आजचे यंत्र उशाशी मावते.

विकाराचा पसारा कळला तो १९९३ मध्ये. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या पाहणीत ३० ते ६० वयाच्या सुमारे ४ टक्के पुरुषांना आणि २ टक्के स्त्रियांना दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार आढळला. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी आरोग्य तपासणीला आलेल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत हे प्रमाण ७.५ टक्के निघाले. हे लोक स्वतःला निरोगी समजत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले आणि डॉक्टरांनी या विकाराचे नाव घेतले, तेव्हा कुठे ते घरोघरी पोचले.

यंत्र मिळाले म्हणजे उपचार झाला, असे मात्र नाही. १९९३ मध्येच काही यंत्रांत गुपचूप मोजणी करणारे उपकरण बसवून पाहण्यात आले. ३५ पैकी ६० टक्के रुग्ण रोज वापरतो म्हणत होते. किमान ७० टक्के दिवस निदान ४ तास, एवढा साधा निकष लावला तर त्यात ४६ टक्केच बसले. तो निकष आजही चालतो. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत २,७०० हून अधिक हृदयरोगी आणि पक्षाघाताचे रुग्ण होते. सीपॅपमुळे त्यांचा झोपाळूपणा कमी झाला, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. त्यांचा सरासरी वापर रात्री ३.३ तासांचा होता. अर्ध्या रात्रीच्या उपचाराकडून पूर्ण गुणाची अपेक्षा करणे कठीणच.

सोडून देण्याची कारणे बहुधा मास्कचीच असतात. पट्टा सैल राहिला तर हवा डोळ्यांत जाते, आवळला तर नाकाच्या दांड्यावर वळ उठतात. तोंड उघडे राहिले तर घसा कोरडा पडतो. हवा गिळली जाऊन पोट फुगते. कुणाला गुदमरल्यासारखे होते. यावर जमलेले उपाय साधे आहेत. पहिले काही दिवस मास्क दुपारी जागेपणी, टीव्ही पाहता-पाहता लावून बसायचे. दाब हळूहळू चढवणारी सोय चालू ठेवायची. चेहऱ्याच्या तेलाने कडा घसरतात, म्हणून त्या रोज धुवायच्या. डबीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे. मुख्य म्हणजे पट्टा आवळत बसण्यापेक्षा मास्कचा आकार किंवा प्रकार बदलायचा.

सीपॅपला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही चालू राहिले. खालचा जबडा पुढे धरणारी दातांवरची पट्टी आहे. जिभेच्या मज्जातंतूला चेतना देणारे, शरीरात बसवायचे उपकरण २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. लठ्ठपणासह मध्यम ते गंभीर विकार असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड या औषधाला तिथे डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली. तरी मध्यम आणि गंभीर विकारात सीपॅप हाच पहिला उपचार राहिला आहे. तेव्हा नको वाटणारे यंत्र माळ्यावर टाकण्याआधी एकदा मास्क बदलून पाहावा. आणि दवाखान्यात जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावे, कारण रात्री काय घडते ते त्यालाच ठाऊक असते.