शिस्त कुणाला? कुत्रा, माणूस आणि कायदा: मुंबई १८३२ ते नागपूर २०२२

१/ २० ऑक्टोबर २०२२. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शहरातील मोकाट कुत्र्यांविषयी आदेश दिला. रस्त्यावर वा उद्यानात कुत्र्यांना खाऊ घालू नये. ज्यांना त्यांची माया आहे त्यांनी कुत्रे दत्तक घ्यावेत, महापालिकेत नोंदवावेत, घरी न्यावेत किंवा निवारागृहात ठेवावेत. उल्लंघनास २०० रुपयांपर्यंत दंड. विषय कुत्र्यांचा होता. शिस्त मात्र माणसाला लावली जात होती. या पेचाची मुळे जवळपास दोनशे वर्षे मागे जातात.

२/ कंपनी सरकारच्या मुंबईत उन्हाळ्यात ठरावीक काळ बेवारस कुत्रे मारण्याचा नियम होता. १८३२ साली हा काळ वाढवण्यात आला आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस ठेवण्यात आले. परिणाम उलटाच झाला. रस्त्यावरचा कुत्रा पकडण्यास कष्ट पडत, पाळीव कुत्रा सहज हाती लागे. पकडणारे घरांतून कुत्रे ओढून नेऊ लागले, अशा तक्रारी उठल्या.

३/ पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. अंत्यविधीतील ‘सगदीद’ त्याच्या दृष्टीवाचून पूर्ण होत नाही. ६ जून १८३२ रोजी पारशी जमावाने कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, हिंदू व्यापारीही सामील झाले, फौजेची रसद अडली. अखेर सैन्य बोलवावे लागले. पुढे जमशेटजी जीजीभाईंसारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली आणि कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावेत, असा आग्रह धरला.

४/ या दंगलीत एक धडा दडलेला आहे. बक्षीस ज्या कृतीला मिळते, तीच कृती वाढते. सरकारला रस्ते निर्धोक हवे होते. पण आठ आणे मिळत होते ते मेलेल्या कुत्र्याचे. नकळत सरकारने कुत्रे पकडणाऱ्यांनाच चुकीचे ‘प्रशिक्षण’ दिले.

५/ हेच तत्त्व पुढे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की, सुखद परिणाम देणारे वर्तन टिकते. तरीही जर्मनीतील कॉनराड मोस्ट यांच्या १९१०च्या श्वान-प्रशिक्षण ग्रंथात सक्तीवर मोठा भर होता. स्किनर यांनी १९५१ साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखात प्राण्याला बक्षिसाने, नेमक्या क्षणी दिलेल्या खुणेने कसे शिकवावे हे सांगितले. समतोल प्रशिक्षणाचा वाद या दोन टोकांमध्येच फिरतो: किती लगाम, किती लाड?

६/ महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उत्तर म्हणजे ‘झंजीर’. पुण्यात शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकलेला हा लॅब्रॅडोर डिसेंबर १९९२मध्ये मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. १९९३च्या स्फोटांनंतर त्याच्या मदतीने ३,३२९ किलो आरडीएक्स सापडले. नोव्हेंबर २०००मध्ये त्याला शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. मात्र श्वानपथकात एकटा कुत्रा कधीच शिकत नाही. त्याचा हस्तकही शिकतो: कुत्र्याची शेपटी, श्वास, थबकणे वाचायला. कुत्र्याने खूण दिली आणि हस्तकाला ती कळली नाही, तर सारे प्रशिक्षण वाया जाते.

७/ मग ज्या कुत्र्याला हस्तकच नाही, त्याचे काय? १९२६ साली अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी सुमारे ६० पिसाळलेले कुत्रे मारवले आणि वादळ उठले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून लेखमाला लिहून अहिंसेच्या अनेक उपासकांना धक्का दिला. बेवारस कुत्र्यापुढे भाकरीचा तुकडा टाकणे ही दया नव्हे. पाळायचा तर नीट पाळावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. जबाबदारीवाचून माया, हा त्यांच्या टीकेचा रोख होता.

८/ स्वतंत्र भारतात १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. २००१च्या नियमांनी कुत्र्यांचे दोन वर्ग केले: पाळीव आणि रस्त्यावरचे. पाळीव कुत्र्याचे लसीकरण, निर्बीजीकरण व परवाना ही मालकाची जबाबदारी ठरली. रस्त्यावरच्या कुत्र्यांना मारण्याऐवजी निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडण्याचे धोरण आले. कुत्रे हटवलेली जागा फार काळ रिकामी राहत नाही, नवे कुत्रे तेथे येतात, हा त्यामागचा तर्क होता.

९/ नागपूरच्या आदेशाने गांधीजींचाच जुना प्रश्न नव्याने विचारला: खाऊ घालणारा हा मालक आहे का? १६ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या सक्तीला स्थगिती दिली आणि महापालिकेला खाऊ घालण्याच्या जागा निश्चित करण्यास सांगितले. त्याच वेळी लोकांनी उपद्रव निर्माण करू नये, हेही बजावले. २०२३च्या नियमांत अशा जागा मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून आणि येण्याजाण्याच्या वाटांपासून दूर असाव्यात, असे नमूद झाले.

१०/ प्रशिक्षणाच्या भाषेत हा बदल महत्त्वाचा आहे. ‘हे करू नकोस’ एवढेच ऐकलेला कुत्रा गोंधळतो. ‘त्याऐवजी हे कर’ असे दाखवले की शिकतो. माणसाचेही तसेच. केवळ दंडाने खाऊ घालणारा लपून घालू लागतो, आणि मुभा अमर्याद असेल तर शाळेच्या वाटेवर चावा सोसणाऱ्या मुलाचे ऐकणारा कुणी उरत नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच दुहेरी वाट देशभरासाठी सांगितली: निर्बीज व लसवंत कुत्रे मूळ जागी परत, पिसाळलेले व आक्रमक वगळून, अन्न मात्र नेमलेल्या जागीच.

११/ १८३२च्या मुंबईने केवळ कुत्र्यावर उपाय शोधला आणि शहर पेटले. त्यानंतरचा प्रत्येक टप्पा थोडाथोडा माणसाकडे वळत गेला: पकडणाऱ्याकडे, मालकाकडे, भाकरी टाकणाऱ्याकडे आणि अखेरीस महापालिकेकडे. पट्ट्याचे एक टोक कुत्र्याच्या गळ्यात असते. दुसरे कुणाच्या हातात आहे, हे ठरवण्याचे काम अजून संपलेले नाही.