स्पिनेकर म्हणजे काय? शर्यतीच्या शिडाच्या बोटीवर नवा क्रू हे शीड कसं उडवायला शिकतो

शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा कुठलाही फोटो बघा. पुढे फुग्यासारखं फुगलेलं, भडक रंगाचं मोठं शीड दिसतं, तोच स्पिनेकर. वारा मागून किंवा मागच्या कोनातून येत असेल तेव्हाच तो उघडतात. डोलकाठीवरची दोन नेहमीची शिडं, म्हणजे मुख्य शीड आणि पुढची जिब, बोटीला पक्की बांधलेली असतात. स्पिनेकरची मात्र एकही कड कशालाच शिवलेली किंवा अडकवलेली नसते. तो फक्त तीन कोपऱ्यांवर, तीन दोरांवर हवेत उभा असतो. म्हणून त्याला 'लावणं' म्हणत नाहीत, 'उडवणं' म्हणतात. पतंगाशी नातं आहेच. कापडही पॅराशूटच्या जातीचं, पातळ रिपस्टॉप नायलॉन.

आता परळी वैजनाथमध्ये बसून हे कशाला वाचायचं? आपल्याकडे मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण, आणि समुद्र गाठायला एक अख्खी रात्र प्रवास. पण व्हर्च्युअल रेगाटा हा शर्यतीचा गेम फोनवर खेळणारे बरेच जण आहेत, आणि त्यात शिडांच्या यादीत 'स्पाय' दिसला की तो कधी निवडायचा हे कळत नाही. शिवाय एनडीएत किंवा नौदलात जायचं म्हणणाऱ्या मुलामुलींची आपल्याकडे कमी नाही. एनडीएच्या कॅडेटना खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये शिडाची बोट चालवावी लागतेच.

आधी वाऱ्याचं गणित

अंबाजोगाई रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरने बाइक चालवताय आणि मागून वाराही तेवढाच आहे असं धरा. अंगाला वारा लागतच नाही. बोटीचंही असंच. वारा 10 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर), बोट त्याच दिशेने 6 नॉटने चालली, तर शिडाला मिळतो फक्त 4 नॉटचा वारा. याला भासमान वारा म्हणू. एवढ्या दुबळ्या वाऱ्यातून जोर काढायचा तर शिडाचं क्षेत्रफळ वाढवणं हाच उपाय, आणि स्पिनेकर त्यासाठीच आहे.

धोकाही याच गणितात आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तीच बोट चुकून वाऱ्याच्या तोंडाकडे वळली तर भासमान वारा 4 वरून 14-15 नॉटवर जातो, म्हणजे त्याच कापडावर बारा ते चौदा पट जोर. बोट आडवी होते, सुकाणूचं पातं पाण्याबाहेर येतं आणि सुकाणू धरणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. याला ब्रोच म्हणतात. स्पिनेकरच्या दोरावर नवा माणूस बसवताना कप्तानाच्या पोटात गोळा येतो तो यामुळेच.

दोर ओळखा

वरचा कोपरा हॅलिअर्ड नावाच्या दोराने डोलकाठीवर चढतो. खालच्या दोन कोपऱ्यांपैकी वाऱ्याकडचा कोपरा एका दांड्याच्या टोकाला असतो. दांड्याचं दुसरं टोक डोलकाठीला. कोकणातल्या गलबतावर शिडाला आधार देणारं परबाण असतं, तसा हा आधार, फक्त आडवा आणि काढता-घालता येणारा. दांड्याच्या टोकातून मागे येणारा दोर म्हणजे गाय. (देवनागरीत हे असंच लिहावं लागतं, हसू नका.) मोकळ्या कोपऱ्याचा दोर म्हणजे शीट. बोट वळली की दांडा दुसऱ्या बाजूला जातो, आणि कालची गाय आज शीट होते. नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण दोर तोच राहतो आणि नाव बदलतं.

दांडा वर-खाली करायला आणखी दोन दोर असतात. त्यांचं काम एका वाक्यात सांगता येतं: खालचे दोन्ही कोपरे एका पातळीत दिसले पाहिजेत. वारा पडला की मोकळा कोपरा खाली लोंबतो, मग दांडाही खाली घ्यायचा.

प्रत्यक्षात काय करायचं

निम्मं काम शीड वर जाण्याआधी होतं. पिशवीत भरताना दोन्ही कडा हाताने चाचपत शेवटपर्यंत न्यायच्या आणि तिन्ही कोपरे वर ठेवायचे. पीळ राहिला तर शीड वर जाऊन डमरूसारखं अडकतं आणि सोडवेपर्यंत मागच्या बोटी पुढे निघून जातात. दोर जिबच्या बाहेरून, सगळ्या तारांच्या बाहेरून फिरवलेत का, हे बोटाने दाखवत तपासायचं. नुसतं नजरेने नको.

चढवताना हॅलिअर्ड ओढणाऱ्याने थांबायचं नाही, आणि शीटवाल्याने घाई करायची नाही. शीड पूर्ण वर जायच्या आत शीट ओढली तर ते अर्ध्यातच फुगतं. मग दोन माणसांनाही ते वर नेता येत नाही.

एकदा फुगलं की नव्या क्रूच्या हातात बहुतेक वेळा शीटच देतात. नियम असा: शीट हळूहळू ढिली करत जायची, वाऱ्याकडची कड किंचित आत मुडपली की थोडी ओढायची, मग पुन्हा ढिली. हे शर्यत संपेपर्यंत चालू. शीट घट्ट ओढून धरली तर शीड छान, भरलेलं दिसतं, पण वारा कोंडतो आणि बोट मंदावते. दिसायला स्थिर ते चांगलं, हा समज माझ्या मते शिकण्यातला सर्वात मोठा अडसर आहे. कडेवरची नजर काढायची नाही. दोराला जोर लागतोय की गेला, हे मोठ्याने सांगत राहायचं, कारण सुकाणूवाला त्यावरूनच दिशा ठरवतो. गाय वेगळ्या नियमाने चालते: दांडा भासमान वाऱ्याशी काटकोनात ठेवायचा.

जाइब, म्हणजे मागच्या वाऱ्यात बाजू बदलणं. त्यात पुढचा माणूस दांड्याचं टोक डोलकाठीवरून काढून नव्या बाजूच्या दोराला अडकवतो, जुनं टोक शिडाच्या कोपऱ्यापासून सोडवतो आणि ते डोलकाठीला लावतो. तेवढा वेळ शीड दांड्याशिवाय उडत असतं. ते सांभाळणं सुकाणूवाल्याचं आणि दोन्ही दोर धरणाऱ्याचं काम आहे. पुढच्यावर ओरडून काही होत नाही.

ब्रोच व्हायला लागला तर शीट सोडा. लगेच, पूर्ण. शीड फडफडतं, जोर जातो, बोट उभी राहते. उतरवताना मात्र उलट. आधी जिब वर, मग गाय सोडायची, म्हणजे शीड मुख्य शिडाच्या आडोशाला जाऊन मरगळतं. एकाने शीटवरून कोपरा पकडून कापड आत खेचायचं, आणि तो जितकं गोळा करेल तितकाच हॅलिअर्ड खाली. हॅलिअर्ड आधी सोडला तर शीड पाण्यात पडून जाळ्यासारखं भरतं आणि बोट जागेवर थांबते. कुठल्याही ताणलेल्या दोराचा वेढा हाताला घ्यायचा नाही, विंचजवळ बोटं न्यायची नाहीत.

आपल्याकडे हे कुणी केलंय?

1982 चे आशियाई खेळ दिल्लीत झाले, पण शिडांच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या. फायरबॉल प्रकारात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिलं. फायरबॉल ही जेमतेम 5 मीटरची, दोघांची बोट. त्यातला क्रू तारेला लटकून बोट तोलतो, जिब सांभाळतो आणि वारा मागे आला की स्पिनेकरही. वर सांगितलेलं चार-पाच जणांचं काम तिथे दोघांत होतं.

हल्लीच्या वेगवान बोटींत दांडाच नसतो. शिडाचा एक कोपरा नाकापुढच्या सुळक्याला बांधलेला असतो आणि जाइब बरीच सोपी होते. अशा शिडाला असममित स्पिनेकर किंवा जेनेकर म्हणतात. ऑलिम्पिकची 49अर याच प्रकारची: बोट 5 मीटरचीही नाही आणि हे एकटं शीड 38 चौरस मीटरचं. 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत वरुण ठक्कर आणि के. सी. गणपती यांना 49अरमध्ये कांस्य मिळालं, तर वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगर यांना तिच्या महिलांच्या प्रकारात, 49अर एफएक्समध्ये, रौप्य.

शिकायचं असेल तर

फोनवर विंडी हे ॲप टाका, एकक नॉट ठेवा आणि मुंबई बंदरावर बोट ठेवून आठवडाभर दुपारचा वारा बघा. सकाळी मरगळलेला आणि दुपारनंतर समुद्राकडून वाढत जाणारा हा वारा सारखा दिसेल. 8-10 नॉट नवशिक्याला पुरे. मुंबईत आणि मांडव्याला पैसे भरून शिकवणारे आहेत. पहिल्याच दिवशी स्पिनेकर मागू नका, आधी जिबची शीट नीट हाताळता आली पाहिजे. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट लागतंच. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात, आणि तेव्हा जमिनीवर उभ्या बोटीवर दांडा बदलण्याचा सराव कोरड्या पायांनी करता येतो.