जठराच्या कर्करोगाची चाहूल : प्रस्तावना

पोटाच्या तक्रारीचे निदान आपल्याकडे बहुधा घरातच होते. छातीत जळजळले की पित्त, पोट फुगले की गॅस. मग ओवा, सोडा किंवा औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी. बहुतेक वेळा हे निदान बरोबरही ठरते, आणि या विषयाची खरी अडचण तीच आहे. जठराच्या कर्करोगाला सुरुवातीला स्वतःचे असे लक्षण नसते. कधी तो काहीच जाणवू देत नाही, कधी साध्या अपचनासारखा वागतो. म्हणून येथे लक्षणांची यादी पाठ करून भागत नाही. तक्रार केव्हा सुरू झाली, किती टिकली आणि तिच्या जोडीला आणखी काय आले, हे विचारता येणे महत्त्वाचे.

हे विचारण्याचीही रीत असते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला ‘किती महिने झाले?’ असे विचारले, तर ‘बरेच दिवस झाले’ एवढेच उत्तर मिळू शकते. ‘ऑक्टोबर छाटणीच्या वेळी दोन भाकरी जात होत्या का?’ असे विचारले, तर त्याला नेमके आठवते. वजनकाटा घरात नसला, तरी सैल झालेला पट्टा किंवा ब्लाउज वजनाची घट सांगतोच.

प्रत्येक लक्षणामागे शरीरातले कारण असते; ते समजले की लक्षण लक्षात राहते. कर्करोग जठराच्या भिंतीत पसरला की भिंत ताठरते, ताणली जात नाही आणि चार घासांतच पोट भरते. गाठ जठराच्या वरच्या तोंडाशी असेल तर घास अडकतो. खालच्या तोंडाशी असेल तर अन्न पुढे सरकत नाही आणि तासन्‌तासांपूर्वीचे जेवण उलटून पडते. गाठीतून रक्त झिरपत राहिले तर थकवा आणि पंडुरोग दिसतो. स्राव जास्त असेल तर शौचास डांबरासारखे काळे, चिकट होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, हे विसरू नये. उलट, आम्ल कमी करणाऱ्या गोळीने बरे वाटले म्हणून कर्करोग नाही असे ठरत नाही. ती गोळी लक्षणे काही काळ झाकूही शकते. डाव्या गळपट्टीच्या हाडावर लागणारी गाठ मात्र बहुधा रोग पसरल्याचे सांगते.

या रोगाच्या अभ्यासाचा इतिहासही रंजक आहे. १८८१ मध्ये व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पण रुग्ण काही महिनेच जगली. पुढे जपानने जठराच्या आत पोचणारा कॅमेरा आणि मोठ्या प्रमाणावरील तपासणी यांच्या बळावर रोग वरच्या थरात असतानाच पकडायला सुरुवात केली. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वाढवून दाखवला. १९९४ मध्ये तो कर्करोगकारक ठरला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. हा संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना मात्र कर्करोग कधीच होत नाही.

महाराष्ट्रातील चित्र आपल्याला कळते ते नोंदींमुळे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकात आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. देशात या रोगाचे प्रमाण मिझोराममध्ये फार मोठे आहे. आपल्याकडे ते त्या मानाने बरेच कमी. म्हणून जपानसारखी सरसकट तपासणी येथे परवडणारी नाही आणि सारी भिस्त पहिल्या भेटीतल्या प्रश्नांवर राहते. ही पहिली भेट कधी ॲलोपॅथीच्या, तर कधी आयुर्वेदाच्या किंवा होमिओपॅथीच्या पदवीधराशी होते. या सर्व शाखांना एका छत्राखाली आणणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. तेव्हा हा विषय येथून सर्वांपुढे मांडणे उचितच आहे.

विद्यार्थी, परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि घरातल्या आजाऱ्याची काळजी घेणारे कुणीही या विषयात यावे. त्यांनी निदान करावे अशी अपेक्षा नाही. ते काम दुर्बिणीची तपासणी आणि तुकड्याचा (बायोप्सीचा) अहवाल करतील. चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले आणि हटत नसलेले अपचन, किंवा कोणत्याही वयात त्याच्या जोडीला वजनाची घट, पंडुरोग, वारंवार उलटी, अडकणारा घास वा काळे शौच दिसले, की घरगुती उपाय थांबवून दुर्बिणीची तपासणी करायला सांगावे. एवढे साधले तरी या अभ्यासाचे चीज झाले.

नाशिक